टक्के कशाचे? डेटा सफिशियन्सीत सारखं ‘सी’ उत्तर येत असेल तर

गुहागरच्या एका ताईंनी विचारलंय: पतसंस्थेत नोकरी करून जीमॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची, तयारी चालू आहे. टक्केवारीची साधी गणितं सगळी सुटतात, पण तीच टक्केवारी डेटा सफिशियन्सीत आली की दहातली चार-पाचच बरोबर येतात. चुकलेल्यांत बहुतेक वेळा ‘सी’ निवडलेला असतो आणि वेळही पुरत नाही. सूत्रं पुन्हा पाठ करू की अजून प्रश्नसंच सोडवू?

ताई, यातलं काहीच आत्ता करू नका. मी रत्नागिरीत सतरा वर्षं स्पर्धा परीक्षांचं गणित शिकवतोय आणि तुमच्यासारखी मुलं दर वर्षी येतात. गणित चांगलं असलेलीच इथे जास्त अडकतात. तुमची टक्केवारी कच्ची नाही. जिथे थांबायचं तिथे तुम्ही थांबत नाही, खरी अडचण ती आहे.

शाळेपासून आपल्याला शिकवलंय की गणितात जे दिलंय ते सगळं वापरायचं. एखादी संख्या वापरायची राहिली तर काहीतरी चुकलं असं वाटतं. डेटा सफिशियन्सीत मात्र एका प्रश्नाखाली दोन विधानं दिलेली असतात आणि उत्तर काढायचंच नसतं. दिलेली माहिती एकच एक उत्तर ठरवायला पुरते का, एवढंच सांगायचं असतं. दोन्ही विधानं एकत्र घेतली की सगळं कसं छान सुटतं, पैपैचा हिशोब लागतो, आणि हात आपोआप ‘सी’कडे, म्हणजे ‘दोन्ही मिळूनच पुरतात’ या पर्यायाकडे जातो. पण त्यातलं एक विधान एकटंच पुरत असेल तर ‘सी’ चूक.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. जीमॅटमध्ये पर्यायांचा क्रम ठरलेला असतो: ए म्हणजे फक्त पहिलं विधान पुरतं, बी म्हणजे फक्त दुसरं, सी म्हणजे दोन्ही मिळून पुरतात पण एकेकटं पुरत नाही, डी म्हणजे दोन्हींपैकी कुठलंही एकटं पुरतं, ई म्हणजे दोन्ही मिळूनही पुरत नाही. बँकांच्या भरती परीक्षांत प्रश्न याच जातीचे असले तरी क्रम बहुधा वेगळा असतो. पतसंस्थेत असल्यामुळे तुम्ही त्याही परीक्षा देत असाल, तर त्या त्या दिवशी पर्याय वाचून घ्या, सवयीवर जाऊ नका. दुसरं म्हणजे, २०२३ च्या अखेरीस जीमॅटची नवी आवृत्ती आली. तेव्हापासून हे प्रश्न गणिताच्या विभागात नसून डेटा इनसाइट्स नावाच्या विभागात येतात. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एकाला सरासरी सव्वादोन मिनिटं. तुमच्याकडचा प्रश्नसंच जुना असेल तर विभागांची मांडणी आणि वेळेचं गणित त्यातून शिकू नका. त्यातले प्रश्न मात्र सरावाला उत्तम आहेत.

आता मुद्द्यावर येतो. टक्केवारीचा कुठलाही प्रश्न वाचताना मी पहिल्यांदा एकच विचारतो: टक्के कशाचे? आणि इथे आपली मराठी फार उपयोगाची आहे. ‘च्या’ किंवा ‘पेक्षा’ ज्या शब्दाला लागतो, तोच शंभर धरायचा. ‘यंदाच्या पेट्यांच्या ८० टक्के’ म्हटलं की यंदाच्या पेट्या १००. ‘गेल्या वर्षीपेक्षा २५ टक्के जास्त’ म्हटलं की गेलं वर्ष १००. इंग्रजी प्रश्न वाचताना ‘ऑफ’ आणि ‘दॅन’ हे दोन शब्द डोळ्यांखालून निसटतात, कारण वाक्य लांब असतं आणि आपण आकड्यांमागे धावत असतो. माझ्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी सांगतो की प्रश्नातलं टक्क्यांचं वाक्य मनात मराठीत म्हणा. पाच सेकंद जातात, पण शंभर कोण हे पक्कं कळतं. आपल्याकडे नारळ विकताना शेकड्याचा भाव विचारतात, तेव्हा कुठल्या नारळांचा शेकडा हे आधी ठरलेलं असतं. लहान नारळाचा भाव मोठ्याला लावला तर व्यवहारच मोडेल.

तसंच ‘नी’ आणि ‘वर’. व्याजदर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. तो २५ टक्क्यांनी वाढला, २ टक्क्यांनी नाही. वाढ २ ची, पण ती ८ वर मोजायची. तुमच्या कामात हे रोज येतं, आणि बोलताना आपण सगळेच त्याला ‘दोन टक्के वाढला’ म्हणतो. परीक्षेत ते चालत नाही.

शंभर कोण हे ठरलं की दुसरा प्रश्न: विचारलंय ते प्रमाण आहे की नग? ‘किती टक्के’, ‘किती पट’, ‘कोण जास्त’ असं विचारलं असेल तर हवं आहे प्रमाण. ‘किती पेट्या’, ‘किती रुपये’ असं असेल तर हवा आहे नग. प्रमाण विचारलं असेल तर प्रमाणांवरून ते मिळतं, नग लागतीलच असं नाही. नग विचारला असेल तर कुठेतरी एक तरी खरी संख्या हवी. तुमचे ‘सी’ मला वाटतं इथेच चुकतात. हा प्रश्न बघा:

बागेतून यंदा गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के जास्त पेट्या निघाल्या?
(१) यंदा गेल्या वर्षीपेक्षा १२० पेट्या जास्त निघाल्या.
(२) गेल्या वर्षीच्या पेट्या यंदाच्या पेट्यांच्या ८० टक्के होत्या.

पहिलं विधान घ्या. १२० पेट्या जास्त, पण कितीवर? गेल्या वर्षी १२० असतील तर वाढ १०० टक्के, १२०० असतील तर १० टक्के. पुरत नाही. आता ते विधान बोटाने झाका, अगदी खरोखर झाका. दुसरं सांगतं की यंदा १०० तर गेल्या वर्षी ८०. ८० वर २० वाढले, म्हणजे २५ टक्के. बाग मोठी असो की घरामागची चार कलमं असोत, उत्तर २५ च. म्हणून उत्तर बी.

पण माझ्या वर्गात निम्मी मुलं इथे सी म्हणतात. कारण दोन्ही विधानं एकत्र केली की यंदाच्या पेट्यांचे २० टक्के म्हणजे १२०, म्हणून यंदा ६००, गेल्या वर्षी ४८०, आणि सगळं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. ते चित्र खरंच सुंदर असतं. विचारलेलं नसतं, एवढंच. प्रश्न लिहिणाऱ्याने ती १२० पेट्यांची माहिती मुद्दाम पेरलेली असते. ‘जास्त निघाल्या’ हे शब्द प्रश्नातही आहेत आणि पहिल्या विधानातही, त्यामुळे ते विधान हवंसं वाटतं. दोन्ही एकत्र घेतल्यावर फारच सहज सुटतंय असं दिसलं की मी मुलांना मागे जायला लावतो: एकेकटं तपासलंस का, दुसरं झाकून?

याच्या उलटा सापळाही आहे, आणि त्यात ‘सी’ला घाबरलेली मुलं सापडतात. सुक्या मासळीचा हिशोब घ्या. सुकताना फक्त पाणी उडालं असं धरू.

मासळी सुकवल्यावर तिचं वजन किती टक्क्यांनी घटलं?
(१) सुकवण्याआधी वजनाच्या ७५ टक्के पाणी होतं.
(२) सुकवल्यावर वजनाच्या २५ टक्के पाणी उरलं.

एकाही विधानात किलो नाहीत. त्यामुळे काही जण लगेच ई म्हणतात. काही जण ७५ मधून २५ वजा करून ५० टक्के घट म्हणतात. दोघांनीही शंभर कोण ते पाहिलेलं नाही. पहिल्या विधानात शंभर म्हणजे ओल्या मासळीचं वजन, दुसऱ्यात सुक्या मासळीचं. दोन्ही टक्क्यांचा पाया वेगळा, मग थेट वजाबाकी कशी करणार? बदललं नाही ते काय, ते शोधा: मासळीचा पाण्याव्यतिरिक्तचा भाग. ओल्या १०० किलोत तो २५ किलो. सुकल्यावर तेच २५ किलो एकूण वजनाच्या ७५ टक्के झाले, म्हणजे एकूण वजन ३३ किलोंच्या जरा वर. घट जवळजवळ ६७ टक्के. दोन्ही विधानं मिळून पुरतात, एकेकटं पुरत नाही, उत्तर सी. प्रमाण विचारलं होतं, दोन प्रमाणांवरून मिळालं, किलो लागलेच नाहीत.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. ‘५० टक्के घट’ म्हणणाऱ्यानेही सी निवडला असेल तर त्याला गुण मिळतील. चुकीच्या विचाराने बरोबर पर्याय. सरावात हे फार घातक, कारण वहीवर बरोबरची खूण पडते आणि चूक तशीच राहते. म्हणून सराव करताना पर्यायाशेजारी एक ओळ लिहा: का पुरतं, किंवा का पुरत नाही. उत्तरतालिकेशी पर्यायाबरोबर ती ओळही ताडून बघा.

मिश्रणाच्या प्रश्नांतही हेच दोन प्रश्न पुरतात. समजा, आंब्याच्या पहिल्या काढणीत ४० टक्के फळ अव्वल प्रतीचं होतं, दुसऱ्या काढणीत ७० टक्के, बाकीचं कॅनिंगला गेलं. दोन्ही काढण्या मिळून किती टक्के फळ अव्वल? (१) दुसऱ्या काढणीत पहिलीच्या दुप्पट फळ निघालं. (२) दोन्ही मिळून ९०० किलो फळ निघालं. पहिलं विधान दोन काढण्यांचं प्रमाण देतं, १ ला २. मग एकूण ६० टक्के, झालं. दुसरं फक्त बेरीज देतं, ती कशी विभागली ते सांगत नाही. उत्तर ए. इथे तुम्ही तराजूचा काटा डोळ्यांसमोर ठेवा. एका टोकाला ४०, दुसऱ्याला ७०, मध्य ५५. जिकडे माल जास्त तिकडे काटा झुकतो. मग ‘दुसऱ्या काढणीत जास्त फळ होतं का’ असा प्रश्न आला आणि विधान म्हणालं की एकूण ५५ टक्क्यांहून जास्त फळ अव्वल होतं, तर ते एकटंच पुरतं. किती जास्त, हे कळायची गरजच नाही.

आता मी वर सांगितलं की नग विचारला तर एक तरी खरी संख्या हवी. त्याला एक पुरवणी जोडायची आहे, आणि चांगल्या गुणांच्या प्रश्नांत ती हमखास असते. माणसं, होड्या, पेट्या अर्ध्या नसतात. वर्गात मुलं किती? (१) वर्गातली ३७.५ टक्के मुलं एसटीने येतात. (२) मुलांची संख्या २० पेक्षा जास्त आणि ३० पेक्षा कमी आहे. ३७.५ टक्के म्हणजे तीन-अष्टमांश. एसटीने येणारी मुलं पूर्ण संख्येत हवीत, म्हणून एकूण संख्येला ८ ने भाग जायलाच हवा. २० आणि ३० च्या मध्ये अशी संख्या एकच, २४. उत्तर सी. वरवर बघणारा दोन्ही विधानं ढोबळ आहेत म्हणून ई म्हणून मोकळा होतो. इथे मुलांऐवजी किलो असते तर खरंच ई झालं असतं. म्हणून १२.५, ३७.५, ६२.५, ३३ पूर्णांक एक-तृतीयांश असले टक्के दिसले की त्यांचे अपूर्णांक लगेच आठवले पाहिजेत. पाठ करायचंच असेल तर सूत्रांऐवजी हे अपूर्णांक पाठ करा.

होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नांवर जरा थांबतो, कारण बहुतेक सगळे इथे घाई करतात. भाव ‘प’ टक्क्यांनी वाढला आणि खप ‘फ’ टक्क्यांनी घटला. एकूण विक्रीचे पैसे वाढले का? (१) प मधून फ वजा केल्यास १० उरतात. (२) प हा ३० पेक्षा कमी आहे. पहिलं विधान वाचताच मन म्हणतं, वाढ घटीपेक्षा १० ने जास्त, मग पैसे वाढलेच. थांबा, शंभर कोण? भावाची वाढ जुन्या भावावर, खपाची घट जुन्या खपावर. पैसे म्हणजे दोघांचा गुणाकार. प २० आणि फ १० घेतलं तर १.२ गुणिले ०.९ म्हणजे १.०८, पैसे वाढले. प ५० आणि फ ४० घेतलं तर १.५ गुणिले ०.६ म्हणजे ०.९, पैसे घटले. एकदा हो, एकदा नाही, म्हणून पुरत नाही. दुसऱ्या विधानात फ चा पत्ताच नाही. दोन्ही मिळून? प ३० च्या खाली, म्हणजे फ २० च्या खाली. प आणि फ यांच्या गुणाकाराला १०० ने भागून येणारी संख्या त्या १० मधून वजा होते, म्हणून पैसे वाढायला ती १० पेक्षा कमी हवी. इथे गुणाकार ६०० च्याही खाली, म्हणजे भागून ६ पेक्षा कमी. दर वेळी हो. उत्तर सी.

यातून दोन गोष्टी घ्या. ‘नाही’ हे उत्तर पक्कं मिळालं तरी माहिती पुरेशीच असते. ‘नाही’ म्हणजे ‘पुरत नाही’ असं समजून चुकणारी मुलं मी दर तुकडीत बघतो. आणि पुरत नाही हे दाखवायचं असेल तर एकदा हो आणि एकदा नाही देणाऱ्या संख्या शोधा. पहिली जोडी सोपी घ्या, दुसरी मुद्दाम टोकाची. सगळे १०० आणि १० टक्के घेऊन बघतात, ५० आणि ४० कुणी घेत नाही.

जीमॅटचा एक नियम इथे पहारेकऱ्यासारखा वापरता येतो: दोन्ही विधानं एकमेकांच्या विरुद्ध कधी जात नाहीत. एकट्या पहिल्यातून २५ टक्के आणि एकट्या दुसऱ्यातून ३० टक्के असं आलं, तर कुठेतरी तुम्हीच चुकला आहात. बहुतेकदा पाया उलटा धरलेला असतो.

वेळेबद्दल. डेटा इनसाइट्समध्ये पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, आणि डेटा सफिशियन्सीसाठी तो जवळपास कधीच उघडावा लागू नये. तो उघडावासा वाटला की समजा, तुम्ही उत्तर काढायला निघालात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मालवणची एक मुलगी होती, हिशोबात विजेसारखी. प्रत्येक प्रश्न शेवटच्या दशांशापर्यंत सोडवायची आणि तेरा-चौदा प्रश्नांतच वेळ संपायचा. मी आठवडाभर तिचं पेन काढून घेतलं. रोज दहा प्रश्न नुसते वाचायचे आणि तोंडी सांगायचं: शंभर कोण, प्रमाण की नग, पहिलं एकटं पुरतं का, दुसरं एकटं पुरतं का. पहिले दोन दिवस ती फार अस्वस्थ होती. चौथ्या दिवसापासून एकेक प्रश्न मिनिटाच्या आत होऊ लागला. त्याआधी मी सगळ्यांना पर्यायांच्या युक्त्यांपासून शिकवायला सुरुवात करत असे. ते चुकीचं होतं, हे मला तिच्यामुळे कळलं. आता पर्यायांची छाटणी मी दुसऱ्या आठवड्यात शिकवतो: पहिलं विधान पुरलं तर उत्तर ए किंवा डीच, नाही पुरलं तर बी, सी, ई यांपैकीच. पेनाशिवाय विचार बसल्यावर हे दहा मिनिटांत येतं.

तुम्हीही तसंच करा. नोकरी करून दिवसाला तासभर मिळत असेल तर पहिला आठवडा फक्त तोंडी. दुसऱ्या आठवड्यापासून पेन, पण पर्यायाशेजारच्या त्या एका ओळीपुरतंच. परीक्षा घरून ऑनलाइन द्यायची की मुंबईच्या केंद्रावर जाऊन, हे महिना बघून ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे वीज आणि इंटरनेटचा भरवसा धरू नये, तेव्हा आदल्या दिवशी मुंबई गाठणंच बरं.

जाता जाता तुमच्या टेबलावरचाच एक प्रश्न. एकूण कर्जापैकी थकीत कर्जाचं प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा यंदा कमी झालं का? (१) थकीत रक्कम गेल्या वर्षीपेक्षा १० टक्क्यांनी वाढली. (२) एकूण कर्ज गेल्या वर्षीपेक्षा १५ टक्क्यांनी वाढलं. एकही रुपया दिलेला नाही. थकबाकी वाढली हे वाचून पतसंस्थेतल्या माणसाचं मन लगेच ‘नाही’ म्हणेल. पण विचारलंय प्रमाण. गेल्या वर्षीचं प्रमाण १ धरलं तर यंदाचं १.१० भागिले १.१५. वरची संख्या खालचीपेक्षा लहान, म्हणजे प्रमाण घटलं. भागाकार करायची गरज नाही. एकट्या पहिल्या विधानात एकूण कर्जाचं काय झालं ते नाही, एकट्या दुसऱ्यात थकबाकीचं नाही, म्हणून उत्तर सी. इथे मात्र ‘सी’ निर्धास्तपणे निवडा, आणि शेजारी ती एक ओळ लिहा.